तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, माऊस सुधारल्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

लिफ्टमध्ये भेटलात की मी 'थँक्यू काका' म्हणते आणि तुम्ही 'अगं त्यात काय' म्हणत दार उघडून निघून जाता. असं तीनदा झालं. म्हणून आता लिहूनच काढते, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. माझ्यासारखे माऊस आपटणारे नाशकात आणखी असणारच.

फेब्रुवारीतल्या माझ्या हालांचा शेवटचा अंकच तुम्ही पाहिलात, आधीचे सांगते. द्राक्षाच्या हंगामात मी बागायतदारांची निर्यातीची कागदपत्रं करते: पॅकिंग लिस्ट, इनव्हॉइस, फायटोचे (मालावर कीड-रोग नाही या दाखल्याचे) अर्ज. दिंडोरी-निफाडकडून माल हलला की न्हावाशेवा बंदराच्या कटऑफच्या, म्हणजे माल घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या, आत कागद तयार हवेत, तिथे सबब चालत नाही. एका पडद्यावर पॅकहाऊसची यादी आणि दुसऱ्यावर माझी शीट राहावी म्हणून यंदा मोठा फोर-के मॉनिटर घेतला. लॅपटॉप पातळ, त्याला दोन टाइप-सी आणि एकच साधं यूएसबी. म्हणून सोबत एक हब, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करणारी डबी, आणला. हबच्या एका टोकाला मॉनिटरची एचडीएमआय वायर, शेजारच्या निळ्या यूएसबीत बिनतारी माऊसचा नखाएवढा रिसीव्हर, त्याला अगदी खेटून बॅकअपची हार्ड डिस्क. सगळं मुठीत मावेल एवढ्यात. मला तर ते फारच नीटनेटकं वाटलं होतं.

मग माऊसचा बाण अडखळायला लागला. मध्येच थिजायचा आणि एकदम उडी मारून भलतीकडे जायचा. कंटेनर नंबरातला शेवटचा आकडा तपासणीचा असतो, एखादा अंक चुकला की तो पकडतो. पण आख्खा नंबरच शेजारच्या शेतकऱ्याच्या ओळीत जाऊन बसला, तर तो बिचारा काय पकडणार? सीएचएकडच्या (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडच्या) मुलाने फोन करून विचारलं म्हणून त्या दिवशी वाचले.

सेल बदलले. पॅड बदललं. दुसऱ्या कंपनीचा नवा माऊस आणला आणि त्याचा रिसीव्हर त्याच भोकात खोचला. लॅपटॉप दुकानात नेला, तर 'मदरबोर्डचा इश्यू दिसतोय' असं सांगून त्यांनी आधी फॉरमॅट मारून पाहिला आणि त्याचे पैसे घेतले. दुकानात माऊस लोण्यासारखा चालत होता. का चालणार नाही? तिथे ना माझा मॉनिटर होता, ना हब, ना डिस्क. हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि त्यांना सुचायला हवं होतं.

तुम्ही सोसायटीची पावती द्यायला आलात आणि मी माऊस टेबलावर आपटत होते. तुम्ही म्हणालात, "त्याला मारू नकोस, आधी काय म्हणतोय ते ऐक." मग उभ्या उभ्याच तीन प्रश्न विचारलेत. कधीपासून होतंय? दिवसात कधी कधी होतं? बाण दोन्ही पडद्यांवर अडखळतो की एकावरच? एकाचंही उत्तर मला देता आलं नाही, काका. तीन आठवडे त्रास सोसला होता, पण त्याच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. मला वाटलं आता तुम्ही खुर्ची ओढून बसाल. तर म्हणालात, "दोन दिवस वहीत लिही. वेळ, पडदा, आणि त्या वेळी काय चालू होतं ते. ओझरला आम्ही विमान खोलायच्या आधी वही उघडायचो." आणि गेलात. खरं सांगू? तेव्हा राग आला होता.

दोन दिवसांनी तुम्ही ती वही अशी वाचलीत की जणू कुणाची जन्मपत्रिका. पेन्सिलीने दोन प्रकारच्या नोंदींवर वेगवेगळ्या खुणा केल्यात आणि म्हणालात, "हे एक दुखणं नाही, दोन आहेत. म्हणून तुला सापडत नव्हतं."

पहिलं दुखणं फक्त मोठ्या पडद्यावरचं. तिथे बाण दिवसभर जड चालायचा, लॅपटॉपच्या पडद्यावर आणला की हलका. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये तुम्ही तो आकडा दाखवलात: ३० हर्ट्झ. सेकंदाला तीसच चित्रं, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी एक. लॅपटॉपचा पडदा ६० वर होता. माऊस बरोबरच सांगत होता, पडदाच उशिरा दाखवत होता. कारण तुम्ही वहीच्या मागच्या पानावर चार रेघा मारून समजावलंत. टाइप-सीच्या वायरीत वेगाचे चार पदर असतात. हा हब त्यातले दोन चित्राला देतो आणि दोन यूएसबीला. दोन पदरांतून आमच्या लॅपटॉपचं फोर-के चित्र तीसच्या वर जात नव्हतं. "आपल्या द्वारका चौकात रस्त्याची एक बाजू बंद करून ठेवल्यावर काय होतं, तसंच," असं तुम्ही म्हणालात आणि मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

दुसरं दुखणं दोन्ही पडद्यांवरचं. ते वहीत दोन्ही दिवशी दुपारी चार ते सव्वाचारच्या दरम्यान होतं. चार म्हणजे आमच्या चहाची वेळ, आणि भिंतीपलीकडेच मायक्रोवेव्ह, म्हणून मी चोर पकडल्याच्या थाटात सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. तो चालतो २४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे माऊसच्याच वस्तीत, त्यामुळे संशय रास्त आहे म्हणालात. कपभर पाणी ठेवून दोन मिनिटं चालवायला लावलंत आणि मला माऊस फिरवायला सांगितलंत. बाण सरळ. "सुटला," एवढंच म्हणून पुढच्या संशयिताकडे वळलात. "चारला अजून काय चालू होतं?"

चारला बॅकअप सुरू होतो. रोज. मीच लावून ठेवलेला, म्हणून तो माझ्या डोळ्यांना दिसतच नव्हता.

त्यानंतरची दहा मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. तुम्ही घरून एक जुनी, करड्या रंगाची, मीटरभर लांबीची यूएसबीची एक्स्टेन्शन वायर आणलीत. डिस्कवर एक मोठी फाइल कॉपीला लावलीत. रिसीव्हर त्या वायरीच्या टोकाला अडकवून आधी डिस्कला चिकटून ठेवलात. बाण अडखळला. मग चार बोटं लांब नेलात, तरी अडखळतोय. एक वीत लांब नेल्यावर अधूनमधून. दीड वितीवर बाण असा सुटला की जणू कुणी त्याचा पाय सोडला. पुन्हा जवळ आणलात, पुन्हा लंगडा. तीनदा केलंत हे, आणि तिसऱ्यांदा माझ्या हातात वायर देऊन मलाच करायला लावलंत. फाइल संपली तेव्हा चिकटून ठेवलेलाही नीट चालला. मग कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.

तरी तुम्ही सांगितलंत. निळं यूएसबी, म्हणजे यूएसबी ३, सेकंदाला ५ अब्ज बिट पळवतं आणि पळवताना त्याचा रेडिओ लहरींतला आवाज सांडतो. तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही सांडतो, जिथे हा इवलासा रिसीव्हर माऊसची कुजबुज ऐकत बसलेला असतो. "तू त्याला नाशिक ढोलवाल्याच्या मांडीवर बसवलंयस," हे तुमचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते. नंतर मी शोधलं, तर इंटेलनेच २०१२ साली यावर सविस्तर लिहून ठेवलंय: त्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढू शकतो, म्हणजे शंभर पट. वाचून बरं वाटलं, आणि फॉरमॅटचे पैसे आठवून वाईटही वाटलं.

उपाय किती किरकोळ निघाले! इथल्या कॅनडा कॉर्नरहून टाइप-सी ते डिस्प्लेपोर्टची वायर आणली आणि मॉनिटर हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावला. चारही पदर चित्राला मिळाले, सेटिंगमध्ये ६० आलं. वायर घेण्याआधी मी विचारलं, या टाइप-सीतून चित्र येईल कशावरून? तुम्ही म्हणालात, आत्तापर्यंत हबला कुठून येत होतं? हब दुसऱ्या टाइप-सीला गेला, त्यावर आता फक्त डिस्क. रिसीव्हर साध्या यूएसबीतून तुमच्या करड्या वायरीने टेबलाच्या पुढच्या कडेला आला, माऊसपासून हातभर अंतरावर. वायफायही तुम्ही जाता जाता माऊसच्या पट्ट्यातून काढून ५ गिगाहर्ट्झवर टाकून दिलंत. त्याने कितपत फरक पडला कोण जाणे, पण तुमचा हात लागलाय म्हणून मी ते बदलणार नाही.

पैशाचं नाव काढल्यावर तुम्ही ज्या नजरेने पाहिलंत त्यानंतर पुन्हा विषय काढला नाही. थॉमसन द्राक्षांची पेटी पाठवली, ती काकूंनी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी रिकामी पेटी धुऊन परत आली, आत लिंबाचं लोणचं. हा हिशोब कसा मिटायचा ते सांगा. रविवारी मिसळ खायला जाऊ, तुम्ही-काकू आणि आम्ही दोघं. बिल मी देणार, आणि तेव्हा ती नजर चालणार नाही.

दुकानात त्यांनी आधी हात घातला आणि मग विचार केला. तुम्ही घरी आलात आणि स्क्रूड्रायव्हर खिशातून बाहेरसुद्धा काढला नाहीत. मागच्या आठवड्यात प्रिंटर रुसला, तर मी दुकानात फोन करायच्या आधी वही उघडली. दुपारपर्यंत कळलं: प्रिंटर ठीक होता, राउटर बदलल्यावर त्याला नवा पासवर्ड कुणी दिलाच नव्हता. हे तुम्हाला लिफ्टमध्ये सांगायचं होतं, पण तोवर तुम्ही उतरला होतात.

आणि ती करडी वायर. दर दोन-तीन दिवसांनी मनात येतं की ती परत द्यायला हवी. मग शीट उघडते, बाण बरोबर ओळीत जाऊन थांबतो, आणि मी काही उठत नाही. कृपा करून ती मागू नका.

आपली,
पहिल्या मजल्यावरची द्राक्षवाली