इंजेक्शन हाताशीच ठेव

प्रिय मनू,

काल रात्री तू फोन ठेवून दिलास, त्यानंतर माझा डोळा लागलेला नाही. ‘मधमाश्यांचं सोड, दुसरं काही शीक’ असं मी म्हणायला नको होतं. आता तू गाडीत असशील. माशी डसली तर घ्यायचं ते ॲलर्जीचं इंजेक्शन हातातल्या पिशवीत घेतलंस ना? मोठ्या बॅगेत तळाशी नाही ना गेलं?

भीतीचं लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

तू सात वर्षांची होतीस. बादलीत मधमाशी पडलेली. मी मग्गा घेऊन तिला फेकायला निघाले, तर तू किंचाळलीस आणि पान घालून तिला अलगद वर काढलंस. मग उन्हात पालथी पडून बघत राहिलीस. दादा हाका मारून थकला. माशी पुढचा पाय दुमडून त्यात मिशी धरायची आणि सर्रकन ओढून घ्यायची, एकदा ही, एकदा ती. ‘आई, हिच्या पायात कंगवा आहे!’ पुढे तूच सांगितलंस, तिथे खरंच खाच असते, मिशा साफ करण्यासाठीच. नुसत्या डोळ्यांनी हेरलं होतंस गं ते! मी अजून सगळ्यांना सांगते.

आणि तो तुझा मार्टिन लिंडाउअर. युद्धात जखमी झालेला, डॉक्टरांच्या सांगण्यावरून मधमाश्यांचे अभ्यासक कार्ल फॉन फ्रिश यांच्या व्याख्यानाला गेला आणि जन्मभर माश्यांचाच झाला. १९४९ साली झुडपावर लटकलेल्या थव्यावर त्याला माश्या नाचताना दिसल्या, फुलांचा पत्ता सांगायला नाचतात तशा. अंगावर परागाचा कण नाही. कुणी काजळीनं काळी, कुणी विटांच्या धुळीनं लाल. त्या फुलांवरून नाही, नवं घर शोधून आल्या होत्या! हे सांगताना तुझा घास हातातच राहिला होता. तेव्हाच मला कळलं, ही आता जाणार.

पण त्या दिवशी माशी डसली, तुझे ओठ सुजले, श्वास अडकला, आणि माझ्या मांडीवर धापा टाकत तू विचारत होतीस, ‘ती मेली ना गं?’ मनू, एकटीनं माश्यांची पेटी उघडायची नाही. नांगी रुतली तर चिमटा शोधत बसू नकोस, नखानं लगेच खरवडून काढ. नांगीबरोबर तुटून राहिलेली विषाची पिशवी विष सोडतच राहते. इंजेक्शन घेतलं तरी दवाखाना गाठायचाच. आणि ॲलर्जी कमी करायला विषाची मात्रा वाढवत नेणारा तो कोर्स ३ ते ५ वर्षांचा असतो, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही.

बघ, तुझंच तुला शिकवायला लागले. रागावू नकोस.

तुझी जाळीची टोपी बाबांनी रात्री बसून शिवली, ती दाराशीच राहिली. उद्या पाठवते. पोचलीस की फोन कर, दोन मिनिटं तरी. आणि ते इंजेक्शन उन्हात ठेवू नकोस, उष्णतेनं खराब होतं.

तुझी,
आई