गळती सापडली, सुध्या

पुणे
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून तुला फोन केला नाही. तूही केला नाहीस, पण तुझा राग रास्त होता, माझं गप्प बसणं नव्हतं. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच. आता मुद्द्याचं सांगतो. आपल्या दोघांच्या मर्सिडीजचं स्टिअरिंग ऑइल कशामुळे गळत होतं ते सापडलं. चूक माझी होती. तुझी नव्हती.

गणपतीत मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. 'तू पार्किंगला स्टिअरिंग शेवटपर्यंत पिळतोस आणि तसंच दाबून धरतोस, त्यानं गेलंय सगळं.' बंड्यासमोर बोललो, वहिनींसमोर बोललो. तुझी ती सवय वाईटच आहे, हे मी आजही म्हणेन. चाकं टोकाला टेकली की पंपावर पुरता दाब येतो, ऑइल तापतं. पण या गळतीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

आंबोलीहून परत येतानाची रात्र आठवते? निपाणी सोडली आणि स्टिअरिंग जड झालं, वळवताना कण्हायला लागलं. तू मागे गाढ झोपला होतास. मी हायवेवरच्या एका दुकानात थांबलो, 'स्टिअरिंग ऑइल द्या' म्हणालो, दिलेली बाटली मोबाइलच्या उजेडात टाकीत ओतली आणि निघालो. लेबल वाचलं नाही. उरलेली बाटली हत्यारांच्या पेटीत टाकली. ती परवा हातात आली. ब्रेक ऑइल आहे रे ते. डॉट ३.

कसं कळलं ते सांगतो. डिसेंबरात गाडी एका मोठ्या गॅरेजला दाखवली. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि 'रॅक गेलाय, पूर्ण बदलावा लागेल' म्हणून साठ हजारांचा आकडा सांगितला. मी ऐकत राहिलो. गाडी १२४ मॉडेलची, तिला रॅक, म्हणजे चाकं वळवणारी ती दातेरी पट्टी, असतेच कुठे? तिला स्टिअरिंगचा बॉक्स आहे, आत गोळ्या फिरतात तो. तुझ्या बाबांनी आपल्याला दहा वेळा समजावलं होतं. आपली गाडी १९९५ साली पिंपरीत, त्यांच्याच टेल्कोच्या आवारात जोडलेली. तिच्याबद्दल असं काहीबाही ऐकून त्यांनी किल्ली काढून घेतली असती. मीही घेतली आणि नाना पेठेतल्या आपल्या उस्तादांकडे गेलो.

उस्तादांनी आधी काहीच उघडलं नाही. बॉनेट सरळ उभं केलं (ते तसं उभं राहिलं की मला अजून लहान मुलासारखा आनंद होतो), पंप, पाइप, बॉक्स रॉकेलनं धुतलं, पुसून कोरडं केलं आणि वरून टाल्कम पावडर मारली. खाली पुठ्ठा अंथरला. म्हणाले, थेंब पडतो ती जागा बघायची नाही. तेल ओघळत ओघळत कुठूनही कुठे जातं. इंजिन चालू करून मला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायला लावलं. दहा मिनिटांत पावडरीवर ओल उमटली. एक टाकीच्या बुडाशी, एक पंपाच्या पुलीमागे, एक बॉक्सच्या खाली. बंड्या तिथेच उभा होता, म्हणाला, 'मालकांचं भांडण झालं म्हणून गाडी तिन्ही डोळ्यांनी रडतेय.' उस्तादसुद्धा हसले. मग गप्प झाले आणि म्हणाले, 'तीन सील एका वेळी म्हातारे होत नाहीत. यात काहीतरी पडलंय.'

टाकी सोडवून त्यांनी बुडाची ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. सुध्या, भिजवलेल्या वाटाण्यासारखी फुगली होती. बोटानं दाबली तर मऊ, बोटाला काळं लागलं. पुन्हा तिच्याच खाचेत बसवून पाहिली तर बसेना, कमान करून वर येत होती. ब्रेक ऑइलचं रबर वेगळं, स्टिअरिंगचं वेगळं; एकाचं तेल दुसऱ्याला विष. मग मी घरी येऊन पेटी उपसली.

तेवढ्यावर भागलं नाही. ऑइल सगळीकडे फिरलेलं, म्हणून पंप खाली, बॉक्स खाली, सगळे सील नवे, दोन्ही पाइप नवे. बॉक्सखालचा आर्म काढण्याआधी उस्तादांनी छिन्नीनं खूण करून घेतली, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं. दोन सील तयार मिळाले नाहीत, ते व्हर्नियरनं माप घेऊन शेजारच्या दुकानातून आणले. मग पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, परतीचा पाइप बाटलीत सोडला आणि वरून नवं ऑइल ओतत मी स्टिअरिंग वळवत राहिलो. आधी काळपट आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. तीन लिटर गेलं. इंजिन चालू केल्यावर फेस आला, थोडी गुरगुरली, हवा निघाली तशी शांत झाली.

आणि मुळात त्या रात्री ऑइल कमी का झालं होतं? परतीच्या पाइपची क्लिप सैल होती. तू आंबोलीला जाताना म्हणाला होतास, 'इथे ओलं दिसतंय, आवळून घेऊ.' घाई मी केली होती.

हे सगळं बंड्याला सांगितलं. वहिनींना मी स्वतः सांगणार आहे, तू मध्ये पडू नकोस. खर्चाचं विचारू नकोस. अर्धं अर्धं ठरलंय, पण या वेळी नाही.

बडोद्याचं नवं घर लागलं का? चिनूची बारावी आहे ना, तिला म्हणावं काकांनी विचारलंय. काकूंना नमस्कार.

काल रात्रभर पुठ्ठा खाली होता. सकाळी पाहिला, कोरडा. चिनूची परीक्षा झाली की ये. कात्रजच्या घाटात तू चालव, मी शेजारी बसतो.

तुझा,
अव्या

ता. क. ती बाटली फेकली नाही. तू आलास की दाखवतो.