रविवारच्या वर्गाला लाकडाचा तुकडा आणायचा आहे
सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता लाकडातल्या ओलाव्याचा वर्ग आहे. प्रत्येकाने एकेक तुकडा आणावा. साग, फणस, आंबा, बाभूळ, काहीही चालेल. फक्त फळीच्या टोकाचा नको. टोक आधी सुकतं, त्यामुळे आकडा फसवा येतो. मधला, बिनगाठीचा तुकडा कापून लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. तुकड्यावर नाव पेन्सिलने लिहा.

तुकडा तोलून १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा. गेलेल्या पाण्याला भागायचं ते सुक्या वजनाने: ६० ग्रॅमचा तुकडा ५० वर आला, तर ओलावा २० टक्के. मागच्या वेळी अनेकांनी ओल्या वजनाने भागलं होतं, म्हणून पुन्हा सांगते. ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली गेला की लाकूड आकसू लागतं, आणि तेही सगळ्या बाजूंनी सारखं नाही: वर्षवलयांच्या कडेने जास्त, गाभ्याकडून सालीकडे कमी, लांबीत जवळजवळ नाहीच. फळी वाकते ती यामुळेच. हे स्वतःच्या हाताने मोजलेलं कायम लक्षात राहतं, म्हणून कृपया वर्ग चुकवू नका.

तुकडे रात्रभर भट्टीत राहतील, दुसरं वजन सोमवारी संध्याकाळी. पुढचा वर्ग काथ्याचा. ज्यांनी नारळाची सोडणं भिजत घातली आहेत त्यांनी कळवावं.