गुडघ्याचं काय म्हणाले?

ग्लॅनमायर, कॉर्क, आयर्लंड

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, तुझं ते काठी-चेंडूचं हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल, दोन्ही अंडर-२० संघांत घेतलंय. आणि त्याच दमात, गुडघा जरा सुजलाय. बाबांनी पहिलं ऐकलं, मी दुसरं. त्यांनी रात्रीच नाशिकला फोन लावला.

गुडघ्याबद्दल लिहिणार नाही.

आपल्या गावचे टेडी मॅकार्थी तुला पाठ आहेत. सप्टेंबर १९९० मध्ये कॉर्ककडून गॉलवेला हरवून हर्लिंगचं ऑल-आयर्लंड अजिंक्यपद, दोनच आठवड्यांनी मीथला हरवून फुटबॉलचं. एका वर्षात दोन्ही फायनल खेळून जिंकणारा दुसरा कुणी झाला नाही. बाबा लगेच जॅक लिंच काढतात: १९४१ ते ४४ हर्लिंग, ४५ला फुटबॉल, ४६ला पुन्हा हर्लिंग, पुढे आयर्लंडचे पंतप्रधान. खरंय. पण तेव्हा वर्षभर जिमचा रगाडा नव्हता रे. आता तुला दोन प्रशिक्षक, आणि प्रत्येकाला आपल्यापुरता सराव दिसतो. दोन्हींची बेरीज तुझ्या पायालाच कळते. दोघांना एकमेकांचं वेळापत्रक दाखव. दुखलं तर त्याच दिवशी सांग, लपवू नकोस. या खेळात कुणाला पगार नाही. सोमवारी कॉलेजात याच पायांनी जायचंय. अण्णांची कबड्डी कशी सुटली, तुला ठाऊक आहे.

पुरे. रागावू नकोस, बोलत सुटले.

तुझी पहिली हर्ली, हर्लिंगची काठी, तुझ्या छातीपर्यंत यायची. उशाशी घेऊन झोपायचास, मुठीची टेप दर रविवारी नव्याने गुंडाळायचास. आजी आली होती तेव्हा हर्लिंगच्या चेंडूने, त्या स्लिटरने, तुळशीची कुंडी फोडलीस, आणि ती तुलाच पेढा देऊन म्हणाली, नेम चांगलाय! परवा क्लबात कुणीतरी ‘ओंकारची आई’ म्हणून ओळख करून दिली. घरी येईपर्यंत मी तेच मनात घोळवत होते.

दोन्ही जमतं, हे मी मानते. रीना बकलीने फुटबॉलची ११ आणि कॅमोगीची, म्हणजे बायकांच्या हर्लिंगची, ७ ऑल-आयर्लंड पदकं मिळवली, दोन्हींत कॉर्कची कर्णधारही झाली. ती स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, एवढंच लक्षात ठेव.

डबा बसने पाठवते. मेथीचे लाडू वरच्या डब्यात आहेत, मित्रांना सगळे वाटू नकोस.

तुझी,
आई

ता.क. स्कॅनची तारीख मिळाली की मला कळव. बाबांना सांगितलंस तर ते फक्त ‘बरा आहे’ म्हणतील.