लोहयुक्त मसूर पेरावा का?

सास्काटून, कॅनडा

तीर्थरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

सांवेरच्या शेतात येत्या रब्बीला लोहयुक्त मसूर, म्हणजे दाण्यात जास्त लोह असलेला वाण, घ्यावा का, की नेहमीच्याच बियाण्याला हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचे खत) घालून भागेल, असे आपण विचारले आहे. हिराकसाने ते साधणार नाही. माळव्याच्या काळ्या जमिनीत लोह मुळात भरपूर आहे, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येणार नाही अशा रूपात अडकून पडते, आणि वरून घातलेल्या हिराकसाचीही लवकरच तीच गत होते. फवारणीने पानांचा पिवळेपणा जाईल, मात्र दाण्यातले लोह वाढेलच असे नाही. मुळांनी किती लोह ओढायचे आणि दाण्यात किती साठवायचे, हे बरेचसे वाणावर ठरते.

दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा ‘पूसा अगेती मसूर’ हा 2017 सालचा वाण मध्य प्रदेशासाठीही आहे. त्याच्या किलोभर दाण्यात 65 मिलिग्रॅम लोह असते, तर प्रचलित वाणांत 45 ते 50. माणशी पन्नास ग्रॅम डाळ धरली, तर हा फरक जेमतेम एक मिलिग्रॅम भरतो. प्रौढ स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅम मानली आहे. त्यातही डाळीतले फायटेट हे नैसर्गिक द्रव्य लोहाला धरून ठेवत असल्यामुळे पोटात गेलेल्यापैकी थोडेच अंगी लागते. म्हणून काही जण या वाणांना हसतात. मला ते पटत नाही. रवांडात 2013 साली अंगात लोह कमी असलेल्या विद्यार्थिनींना चारेक महिने रोज राजमा खाऊ घातला, तेव्हा अधिक लोहाचा वाण खाणाऱ्यांचे हिमोग्लोबिन इतरांपेक्षा जास्त वाढले. अर्थात तिथे राजमा दोन्ही वेळच्या जेवणात होता. आपल्याकडे आठवड्यातून एकदा मसुराची आमटी करून हा गुण यायचा नाही.

आकड्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आमच्या प्रयोगशाळेत लोहाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही मोजतात, कारण दाण्याला चिकटलेली धूळसुद्धा लोहाचा आकडा फुगवते आणि अ‍ॅल्युमिनियम जास्त निघाले, की तो आकडा दाण्याचा नसून मातीचा आहे हे कळते. पोलादी पात्याच्या चक्कीत दळलेले पीठ तर तपासायला घेतच नाहीत, कारण पात्याचेच लोह त्यात उतरते.

माझ्या मते यंदा अर्ध्या शेतात हा मसूर करून पाहावा. तो सुमारे शंभर दिवसांत निघतो. काकूंनी तो भिजवून, मोड आणून उसळ करावी आणि वर लिंबू पिळावे, कारण मोड आल्याने फायटेट घटते आणि लिंबामुळे लोह जास्त मुरते. जेवण होताच चहा घेण्याची आपल्या घरची रीत मात्र तासभर तरी पुढे ढकलावी लागेल, आणि खरी अडचण तिथेच येईल असे वाटते!

बियाणे प्रमाणितच घ्यावे व त्यासाठी कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. मंडईत लोहवाला म्हणून कोणी काही दाखवले, तरी नुसत्या नजरेने तो ओळखता येत नाही.

आपला,
चि. समीर