रशिया तोच, बाके बदलली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रशियाकडे पाहण्याची पाश्चात्त्यांची नजर बदलू लागली आहे, असा आपल्या अग्रलेखाचा सूर होता. त्यात एक दुरुस्ती सुचवतो. निदान अमेरिकेत मते फारशी बदललेली नाहीत, ती मांडणारी तोंडे बदलली आहेत. सत्ताधारी आणि विरोधकांनी सभागृहात बाके बदलावीत आणि उठताना भाषणाचे कागद जुन्या जागीच विसरावेत, तसे झाले आहे.

२०१२ ची निवडणूक आठवा. रशिया हा अमेरिकेचा क्रमांक एकचा भूराजकीय शत्रू आहे, असे रिपब्लिकन पक्षाचे मिट रॉम्नी मार्चमध्ये म्हणाले होते. २२ ऑक्टोबरला फ्लोरिडातल्या शेवटच्या वादफेरीत डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष ओबामांनी त्यावरून त्यांची टर उडवली. १९८० चे दशक फोन करून आपले परराष्ट्र धोरण परत मागते आहे, असे ते म्हणाले. माझा भाचा तेव्हा न्यू जर्सीत नुकताच स्थिरावला होता. त्याने ते वाक्य फेसबुकवर टाकले, सोबत हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. खाली टेक्सासमधल्या त्याच्या मित्राने लांबलचक लिहिले, की पुतिन हा केजीबीचा, म्हणजे जुन्या सोव्हिएत गुप्तहेर खात्याचा, माणूस आहे, एक दिवस पस्तावाल. दोघे सोलापुरात माझ्याच वर्गात एका बाकावर बसायचे.

चार वर्षांनी रिपब्लिकन ट्रम्प निवडून आले. रशियाने निवडणुकीत लुडबूड केल्याचे अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी सांगितले आणि भाच्याला उठता-बसता रशिया दिसू लागला. समोरचा प्रत्येक जण पुतिनचा हस्तक! मित्र उलट विचारू लागला, आपले रशियाशी भांडण तरी काय? मी भाच्याला त्याचीच जुनी पोस्ट पाठवली. उत्तर आले, ‘मामा, तेव्हाचा काळ वेगळा होता.’

कसला वेगळा? रशियाने युक्रेनचा क्रायमिया बळकावला तो २०१४ मध्ये, हे खरे. पण २०१२ पर्यंत चेचन्यातली युद्धे होऊन गेली होती आणि ऑगस्ट २००८ मध्ये रशियाचे रणगाडे जॉर्जियात शिरले होते. त्याला सात महिने होतात न होतात तोच ओबामांच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी जिनिव्हात रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह यांच्या हाती, संबंध नव्याने सुरू करायचे म्हणून, एक लाल बटण ठेवले. त्यावर इंग्रजीत ‘रीसेट’ आणि रशियनमध्ये ‘पेरेग्रुझ्का’. लाव्हरोव्ह म्हणाले, शब्द चुकला. त्या रशियन शब्दाचा अर्थ ओव्हरलोड. तरी दोघांनी हसत हसत ते दाबले. (आमच्या गल्लीत ओव्हरलोड झाला की डीपी उडते. तेव्हा कोणी हसत नाही.)

रॉम्नींची चेष्टा करणाऱ्यांत माजी परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइटही होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी काँग्रेसच्या समितीपुढे, आपण रॉम्नींची माफी मागायला हवी, असे जाहीरपणे कबूल केले. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनीही एप्रिल २०२२ मध्ये, रशियाकडून गॅस आणणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम २ या वाहिनीला चिकटून राहणे ही चूक होती, असे मान्य केले. फेसबुकवरच्या भांडणात असली कबुली मी अजून वाचलेली नाही.

मत बदलूच नये, असे माझे म्हणणे नाही. १९८३ मध्ये सोव्हिएत संघाला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हणणारे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन मे १९८८ मध्ये मॉस्कोच्या लाल चौकात उभे होते. त्या शब्दांचे काय, असे विचारल्यावर म्हणाले, तो काळ वेगळा होता. भाच्याचेच वाक्य! पण रेगन यांच्या गाठीशी मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांचा डिसेंबर १९८७ चा करार होता आणि अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौजा निघायला लागून दोन आठवडे झाले होते. तिथे समोरचा देश खरोखर बदलत होता. इथे बदलले ते वॉशिंग्टनमधले भाडेकरू.

म्हणूनच २४ फेब्रुवारी २०२५ ला, युक्रेनवरील हल्ल्याच्या तिसऱ्या वर्षदिनी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनच्या ठरावाविरोधात अमेरिकेने रशियाच्या बाजूने मत दिले, तेव्हा मला फारसे नवल वाटले नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टला अलास्कात पुतिन यांच्यासाठी लाल गालिचा अंथरून ट्रम्प टाळ्या वाजवत उभे राहिले. बारा दिवसांनी, रशियाचे तेल घेतो म्हणून भारतीय मालावर आणखी २५ टक्के आयातशुल्क लागू झाले, एकूण ५०. माझे शेजारी टॉवेलच्या धंद्यात आहेत. ते पेपर घेऊन आले आणि म्हणाले, ‘गुरुजी, त्या गालिच्यावर किती टक्के ड्यूटी लावली असेल हो?’

तेव्हा यापुढे ‘पाश्चात्त्यांचे मत’ असे मोघम न लिहिता, बोलणारा कोणत्या पक्षाचा आहे आणि २०१२ मध्ये तो काय म्हणत होता, एवढे कंसात छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सोलापूर