वरच्या खोल्यांची किल्ली

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी "बघू, अजून काही ठरलेलं नाही" असे म्हणाले, ते खरे नव्हते. वरच्या दोन खोल्या त्या नर्सबाईंना द्यायच्या, हे मी आदल्या गुरुवारीच ठरवले होते आणि त्यांना तसे कळवलेही होते. घर तुमचे, आणि शब्द देऊन बसले मी. रागवायचे असेल तर माझ्यावर रागवा, पण येत्या रविवारी ते लोक सामान घेऊन दारात येतील तेव्हा त्यांना तो राग दिसू देऊ नका.

श्रावणात बाबा न्हाणीघरात घसरले, तेव्हा आईने त्यांना एकटीने उठवायचा प्रयत्न केला आणि मग गल्लीत हाका मारत फिरली, हे मला दोन दिवसांनी कळले. पुण्याहून पहिली गाडी पकडली तरी बेळगावात शहापूरला पोचेपर्यंत दुपार होते. घरातच रक्तदाब पाहणारे, रात्री दोन वाजता दार वाजवले तर उठणारे कोणी असले, तर मला इथे झोप लागेल. त्यांचा जिना परसातून आहे, त्यामुळे तुमच्या दुपारच्या झोपेत कोणी येणार नाही. नळाला पाणी येईल त्या दिवशी मोटर त्यांचे यजमान लावतील, बाबांनी पहाटे उठून टाकीपाशी उभे राहायचे कारण उरणार नाही. मुलगी तिसरीत आहे आणि शांत आहे. मी हे सारे फार सांगते आहे, हे मलाही कळते आहे.

कारण खरी अडचण जिन्याची नाही. त्या बाई रामदुर्गकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. आडनाव गावावरून पडलेले, त्यातून जात कळेना, म्हणून समोरच्या काकांनी ओट्यावर बसून ती सरळ विचारली आणि त्यांनीही ती सरळ सांगितली. त्यानंतर बाबा, तुम्ही मला म्हणालात, "आमचं काही नाही गं, पण गल्लीत राहायचं आहे." हे वाक्य मी त्या दिवसापासून मनात घोळवते आहे. तुमच्या तोंडून ते यावे याचे वाईट वाटले, आणि वाईट का वाटले याचे कारणही तुम्हीच आहात.

पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधून वाचनालयातून पुस्तके आणणारे तुम्ही. अण्णाभाऊ साठ्यांची १९५९ सालची 'फकिरा' तुम्ही मला मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा आधी अर्पणपत्रिका वाचलीत, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला वाहिलेली, आणि मग ते पान मला हाताने चाचपून बघायला दिलेत. हजेरी म्हणजे काय असे मी विचारले, तेव्हा १८७१ च्या कायद्याने सरकारने अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार कसे ठरवले, हे तुम्ही जेवण थांबवून समजावलेत. आपल्या माणसांना सोडवण्यासाठी फकिरा स्वतः शरण जातो, त्या पानांवर तुम्ही चष्मा पुसायला थांबलात, आणि आपल्याला काही दिसले नाही असे आई आणि मी दोघींनी दाखवले.

तेव्हा मला घोड्यावरचा फकिराच काय तो दिसत असे. आता चाळिशीत मला विष्णुपंत अधिक दिसतात. त्यांच्या हातात तलवार नाही, पण कुलकर्णी म्हणून गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि ते वजन ते मांगवाड्याच्या पारड्यात टाकतात. फकिरासारखे होणे आपल्यातल्या कोणाला जमणारे नाही. विष्णुपंतांइतके मात्र आपल्या गल्लीत तुम्हाला जमेल, कारण चाळीस वर्षे तिथे भांडणे मिटवायला लोक तुम्हालाच बोलावत आले आहेत.

दुसरी कादंबरी मी धारवाडला शिकताना कन्नडमधून वाचली आणि सुट्टीत तुम्हाला तिची गोष्ट सांगितली होती, आठवते का? अनंतमूर्तींची 'संस्कार', १९६५ सालची. अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, नारणप्पा मरून पडला आहे. त्याने ब्राह्मण्य सोडले होते, म्हणून त्याला अग्नी कोणी द्यायचा हा प्रश्न आहे आणि प्रेत उठेपर्यंत कोणाला जेवता येत नाही. चंद्री खर्चासाठी अंगावरचे दागिने काढून ठेवते, तेव्हा आतापर्यंत मागे सरकणारे एकेक जण पुढे सरकू लागतात. ते पान वाचताना मी हसले होते आणि मग मला हसल्याची लाज वाटली होती. पण मला छळतो तो प्राणेशाचार्य. तो वाईट माणूस मुळीच नाही. आजारी बायकोची वर्षानुवर्षे सेवा करणारा, सगळ्यांत विद्वान, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत असलेले. तो पोथ्या चाळतो, मग मारुतीच्या देवळात उजवा कौल मिळण्याची वाट पाहत बसतो, आणि कौल मिळत नाही. शेवटी चंद्री एका मुसलमान ओळखीच्या माणसाची मदत घेते आणि रातोरात, कोणाला न सांगता, प्रेत जाळून येते. ज्याच्याकडे अधिकार होता तो विचारच करत राहिला आणि जिला काहीच अधिकार नव्हता तिने काम उरकले. बाबा, मी तुमची त्याच्याशी तुलना करत नाही. पण गल्लीचा कौल येईपर्यंत थांबू असे तुम्ही म्हणालात, तेव्हा मला ते देऊळ आठवले.

कन्नड बोलणाऱ्यांबद्दल मी काय म्हणायचे? १९८६ साली कन्नडच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलात आणि लाठी खाल्लीत, तो खांदा अजूनही पावसाळ्यात दुखतो. पण सक्ती वेगळी आणि भाषा वेगळी, असे म्हणून त्याच खांद्याला शेक घेत तुम्ही माझ्या कन्नडच्या शिकवणीचे पैसे दिलेत. म्हणूनच मी 'संस्कार' वाचू शकले.

आई, तुला मी या वादातून वगळलेले नाही. 'श्यामची आई' आपण दोघींनी उन्हाळ्यात माळ्यावर बसून वाचली. म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर, असे श्यामची आई त्याला सांगते, तिथे तू थांबलीस आणि म्हणालीस, "मोळी दिली हे बरं केलं, पण मग आंघोळ कशाला?" मी त्या माउलीची बाजू घेऊन भांडले होते, की तिच्या काळात तेवढेही करणे सोपे नव्हते. आजही मला तसेच वाटते. पण प्रश्न तुझाच बरोबर होता, आणि त्याच आठवड्यात कोनाड्यातला तो कान तुटलेला कप नाहीसा झाला. आजीने विचारले तेव्हा "फुटला" म्हणालीस. तो फुटला नव्हता हे मला ठाऊक आहे, कारण परसात पेरूच्या झाडाखाली पुरलेला मला सापडला होता.

गल्लीतले लोक चार दिवस बोलतील. काका कदाचित संध्याकाळी ओट्यावर यायचे थांबतील, आणि त्यांच्याशिवाय बाबांना चैन पडणार नाही हे मला माहीत आहे. तेवढे नुकसान माझ्या निर्णयामुळे तुम्हाला सोसावे लागेल, याबद्दल क्षमा करा. दिवाळीला आले की मी स्वतः कुंदा घेऊन त्यांच्याकडे जाईन.

आता नीट ऐका. न्हाणीघरातली रबरी चटई उचलून ठेवू नका, ती पाहुण्यांसाठी आणलेली नाही. रक्तदाबाची गोळी जेवण झाल्यावर, "बरं वाटतंय" म्हणून अर्धी नव्हे, पूर्ण. आई, गुडघ्याला तेल चोळून घेतल्याशिवाय झोपू नकोस आणि पाट्यावर चटणी वाटणे बंद. नव्या बिऱ्हाडाला मांसाहाराच्या, पाण्याच्या, तुळशीपाशी न जाण्याच्या कसल्याही अटी घालायच्या नाहीत. भाडे ठरल्याप्रमाणे घ्यायचे, "सेवा करतेय" म्हणून नाकारायचे नाही, नाहीतर त्यांना अवघडल्यासारखे होईल.

किल्ली देवघराच्या खालच्या खणात लाल दोऱ्यात बांधलेली आहे. रविवारी दहाच्या सुमारास टेम्पो येईल. बाबा, जिना परसात असला तरी किल्ली तुम्ही पुढच्या ओट्यावर, गल्ली बघत असताना, स्वतःच्या हाताने द्या. आणि आई, चहा निळ्या फुलांच्या जोडात कर. सहाही कप शाबूत आहेत, गेल्या खेपेला मी मोजले आहेत.

तुमची,
धाकटी